न पुसलेलं पान

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना तोंडावर हसणारी बाई आहे मी. "मॅडम, स्वप्न पडलं असेल" अशी कमेंट टाकायची असेल तर खुशाल टाका.

नाशिकला ओझरच्या रस्त्यावर एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी ऑपरेटिंग सिस्टीम शिकवते. मुलांना शिकण्यापुरता छोटा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, देतो, त्यातली मेमरीची व्यवस्था त्यांनी लिहायची. प्रत्येक प्रोग्रामला वाटतं सगळी मेमरी आपलीच... प्रत्यक्षात कर्नल लागेल तसा मेमरीचा एकेक तुकडा, एकेक 'पान', हातावर ठेवतो. पान देण्याआधी ते शून्यांनी पुसायचं, नाहीतर आधीच्याचं उष्टं नव्याच्या ताटात! हे मी घसा सुकेपर्यंत सांगते.

मे महिन्यातला शनिवार, दुपारचे दोन. तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये मी आणि थर्ड इयरची पल्लवी, दोघीच. आणि ती नेमकं पान पुसायलाच विसरलेली. "किती वेळा सांगायचं गं? डोकं घरी ठेवून येतेस का?" असं तिला झापलं आणि खाली गेले, कारण यूपीएस टीं-टीं करत होता आणि आमचे असिस्टंट रजेवर. मोबाइल, पर्स वरच राहिली.

यूपीएसची खोली म्हणजे जिन्याखालचं खुराडं. खिडकी नाही. आत गेले, दार मागे धाडकन लागलं, आणि आतलं हँडल चक्क हातात आलं.

आधी हसूच आलं. मग दार बडवलं, ओरडले. आत पंख्यांची घरघर, वर ओझरचं विमान घिरट्या घालतंय... कोण ऐकणार? त्यात मला दमा, आणि पंप पर्समध्ये. अर्ध्या तासाने आवाजच फुटेना. भिंतीला टेकून खाली बसले. खरंच वाटलं, संपलं आता. मनातल्या मनात बोलायला लागले, तेही अहिराणीत. मूळची मी सटाण्याची, पण कॉलेजात अहिराणीचा शब्द कधी काढला नाही. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? "कोनी शे का? दार उघाडा. मना जीव जाई ऱ्हायना." कोणी आहे का, दार उघडा, माझा जीव चाललाय... एवढंच, परत परत. ओठसुद्धा हलत नव्हते.

दार उघडलं तेव्हा समोर पल्लवी, हातात माझा पंप. मागे वॉचमन काका.

"माय वं, तू व्हती म्हनीसन वाचनू मी," एवढंच मी बोलले आणि ढसाढसा रडले.

वर आल्यावर तिने स्क्रीन दाखवली. मी झापल्यावर तिने गंमत म्हणून न पुसलेली पानं एकेक करून छापायला लावली होती. त्यात नेहमी कचरा निघतो. पण इथे रोमन अक्षरांत माझी वाक्यं होती, शब्दन् शब्द.

"मॅडम, मी देवळ्याची, घरी अहिराणीच बोलतो, म्हणून समजलं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी कचरा म्हणून पुसून टाकलं असतं. तुम्ही यूपीएस बघायला गेलेल्या, परत आल्या नव्हत्या ना, मग पर्स घेऊन पळतच सुटले."

त्या कॉम्प्युटरला ना माइक, ना नेटवर्क. तिचा कोड नंतर मी ओळ न् ओळ तपासला. काही नाही.

इथवर ठीक होतं हो. पण पल्लवीने माझा दंड घट्ट धरला. "मॅडम... अजून येतंय."

नव्या ओळी पडत होत्या. दार उघाडा. दार उघाडा. काका धावत खाली जाऊन आले. खोली रिकामी.

"माझ्या प्रोग्रामने फोर्क केलंय ना, मॅडम," पल्लवी हळूच म्हणाली. फोर्क म्हणजे चालत्या प्रोग्रामची हुबेहूब दुसरी प्रत. दोघी तिथूनच पुढे चालतात. एक सुटली तरी दुसरी तिथेच असते.

घाबरून मी प्लग ओढला, स्क्रीन काळी झाली.

काय होतं ते, मला आजही सांगता येत नाही. पण त्या कॉम्प्युटरच्या आत खरंच दुसरी मी अडकलेली असेन, तर दार उघडायचं सोडून मी तिचा प्लग ओढला.