फोटोच्या जागी आलेले शब्द

आमच्या गावात एखाद्याने नव्या मिशा ठेवल्या की पारावरचं कुणीतरी म्हणतं, "आले बघा मिशीवाले." मग नवीन माणसाला किस्सा सांगितला जातो. आमच्या शाळेतल्या एका कॉम्प्युटरच्या बाईने संस्थेच्या वेबसाईटवर संचालकांची टिंगल लिहिली, भर कार्यक्रमात ती उघडी पडली आणि त्याच दिवशी तिला हाकलून दिलं. हा किस्सा सगळ्यात रंगवून मी सांगत असे. माझ्या निवृत्तीच्या समारंभातही सांगितला होता. लोक डोळे पुसत हसले होते.

किस्सा खोटा आहे. खरं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण ते मीच घडवलं.

मी शाळेत गणित शिकवायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत संगमनेरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला, म्हणून लॅबची किल्ली माझ्याकडे आली आणि पुढे पर्यवेक्षकपदही. ती मुलगी पाथर्डीकडची. बी.एस्सी. झालेली, तासिका तत्त्वावर लागलेली. तिचे आईवडील दर हंगामात आमच्या भागात ऊस तोडायला यायचे. गावाबाहेरच्या पडीक रानात उसाच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, पडायच्या, त्यातली एक त्यांची. शाळा सुटली की ती सरळ तिकडे चालत जायची. हे तिने कधी लपवलं नाही. लपवलं असतं तर कदाचित मी तिला जरा बरं वागवलं असतं.

त्या वर्षी संस्थेला वेबसाईट हवी होती. अध्यक्षांनी शब्द दिला होता की वर्धापनदिनाला ती नीट सुरू झाली तर बाईंना संस्थेच्या पटावर घेऊ. म्हणजे कायमची नोकरी. आईवडिलांना पुढच्या हंगामापासून गावीच ठेवायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. इकडे माझी सून बी.सी.ए. करून घरी बसली होती. शाळेत कॉम्प्युटरची जागा एकच होती.

वेब पेज कसं करतात हे तिला मी शिकवलं. वरवर पाहता पेज म्हणजे मोठी करामत वाटते, पण आत नुसता मजकूर असतो, साध्या नोटपॅडमध्ये लिहिलेला. मजकुराभोवती टोकदार कंसात खुणा घालायच्या, त्यांना टॅग म्हणतात. इथून मथळा सुरू, इथे संपला. इथून अक्षर जाड, इथे जाडी बंद. ब्राउझर तो मजकूर वरून खाली वाचतो आणि सांगितल्याबरहुकूम पडद्यावर मांडतो. स्वतःची अक्कल फारशी चालवत नाही. टॅग उघडला आणि बंद करायचा राहिला, तर खालचं सगळं पान जाड होऊन बसतं.

पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून तसं झालं. लॅबमध्ये नववीचा वर्ग बसला होता. मी म्हणालो, "मॅडम, उघडलेलं दार लावायचं असतं. तुमच्या कोपीला दारच नसतं, म्हणून सवय नसेल."

पोरं खिदळली. ती पडद्याकडे बघत टॅग बंद करत राहिली. मग म्हणाली, "दार नसतं सर. पण कोण कशाला आत येतंय ते आतल्या माणसाला कळतं."

पोरं पुन्हा हसली, या वेळी मला. ते मी विसरलो नाही.

आता फोटोंचं. पेजमध्ये फोटो नसतो, हे कितीही समजावलं तरी लोकांना पटत नाही. पेजमध्ये फक्त पत्ता असतो, की अमुक ठिकाणी अमुक नावाचा फोटो आहे, तो आणून इथे दाखव. ब्राउझर त्या पत्त्यावर जातो, फोटो मिळाला तर दाखवतो. पत्त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असतो, आल्ट नावाचा. फोटो मिळाला नाही तर त्याच्या जागी तिथले शब्द दिसतात. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्या माणसाला कॉम्प्युटर तेच वाचून दाखवतो. कोर्सच्या गाइडमध्ये हे सगळं दिलेलं होतं आणि ते गाइड मी पाठ केलं होतं.

संचालकांचे फोटो आले. सगळे पांढऱ्या टोपीतले, सगळे समोर बघणारे. ती बाहेरगावची, कोण कोणता ते तिला ओळखू येईना. मी म्हणालो, आल्टमध्ये खुणेपुरते शब्द लिहून ठेवा, ते कुणाला दिसत नसतात. आणि मीच सुचवायला लागलो. हे मिशीवाले. हे गॉगलवाले. अध्यक्षांचे डोळे फोटोत अर्धे मिटले होते. "हे पेंगणारे," मी म्हणालो. तिने आधी लिहिलं नाही. "सर, मोठी माणसं आहेत." मी म्हणालो, "मोठी माणसं पेंगत नाहीत का? लिहा. नावं मागाहून टाकू." तेव्हा ती हसली. आमच्यात एवढं एकच हसणं झालं. त्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. काय होतं ते आता सांगता येत नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काम तपासायला मी लॅबमध्ये बसलो. तिच्या कॉम्प्युटरवर पेज सुंदर दिसत होतं. फोटो जागच्या जागी, कडेला निळी चौकट. मी पेजच्या आतला मजकूर उघडला. प्रत्येक फोटोचा पत्ता तिने त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हचा दिला होता. म्हणजे त्या एका डब्यापुरतंच सगळं ठीक होतं. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरने ते पेज उघडलं की तो आपल्या पोटात ते फोल्डर शोधणार, ते त्याच्याकडे नसणार, आणि फोटोच्या जागी तुटक्या चौकटीत आल्टमधले, बदलायचे राहून गेलेले, ते खुणेचे शब्द येणार. नवशिके ही चूक हमखास करतात. तिला पेज दुसऱ्या यंत्रावर बघताच आलं नव्हतं. लॅबमध्ये चालू अवस्थेतला कॉम्प्युटर तोच होता आणि तिचा मोबाईल बटणांचा होता.

पत्ते बदलायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नसता. ती दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. सर, काही राहिलंय का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, "छान झालंय. हात लावू नका आता."

इथवर मी नुसता गप्प बसलो, असं म्हणता येईल. पण लॅबचाच कॉम्प्युटर मंचावर न्यायचं ठरलं होतं. तसं झालं असतं तर मंचावर सगळं व्यवस्थित दिसलं असतं आणि चूक नंतर सावकाश सुधारता आली असती. सकाळी मी अध्यक्षांना सांगितलं की एवढा मोठा डबा पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही. संगमनेरच्या ज्या माणसाने वेबसाईट इंटरनेटवर चढवली होती तो आलेला आहे, त्याचा लॅपटॉप घेऊ. अध्यक्ष म्हणाले, "बरं सुचलं तुम्हाला."

मंडपात गाव जमलं होतं. मागच्या खांबाशी तिचे आईवडील उभे होते. त्या दिवशी त्यांनी तोडीचा खाडा केला होता. वडिलांच्या अंगावर धुतलेला सदरा होता. पाहुण्यांनी बटण दाबलं. पडद्यावर संस्थेचं नाव आलं, टाळ्या पडल्या. मग संचालकांचं पान उघडलं. चेहरे नव्हते. तुटक्या चौकटी होत्या आणि मोठ्या अक्षरांत मिशीवाले, गॉगलवाले, आणि सगळ्यांत वर, अध्यक्षांच्या नावाखाली, पेंगणारे.

आधी पोरं हसली. मग मोठी माणसं हसू दाबायला लागली, ते जास्त वाईट होतं.

अध्यक्ष उठले. हे कुणी लिहिलं, असं त्यांनी माईकवरूनच विचारलं. ती मंचाच्या पायरीशी आली. "मी लिहिलं. पण ते दिसायला नको होतं."

"म्हणजे पाठीमागे म्हणायचं होतं," अध्यक्ष म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. "सरांनी सांगितलं होतं, खुणेसाठी लिहा म्हणून."

मंडप माझ्याकडे वळला. मी उभा राहिलो आणि शांतपणे, वर्गात बोलतो तसा बोललो. "मॅडम, मी तुम्हाला पेज करायला शिकवलं. संस्कार घरून आणायचे असतात."

लोक मनसोक्त हसले. दाबून ठेवलेलं सगळं हसू त्यांना माझ्या वाक्यावर मोकळं करता आलं.

तिचे वडील गर्दीतून पुढे आले. हात जोडलेले. "मालक, लेकरू हाय. चुकलं. पदरात घ्या." काय चुकलं हे त्यांना माहीत नव्हतं. पडद्यावरचं त्यांना वाचता येत नव्हतं. तिने त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. "आबा, चला," एवढंच म्हणाली. माझ्याकडे तिने परत बघितलं नाही.

ती गेली ती पुन्हा शाळेत आली नाही. आसपासच्या शाळांत किस्सा तिच्या आधी पोचला होता. त्याच हंगामात मी एका संचालकांच्या गाडीतून येत होतो. रस्त्याकडेच्या फडात ती आईबरोबर उसाची मोळी बांधत होती. संचालकांनी काच खाली केली आणि म्हणाले, "ती बघा तुमची वेबसाईट." मी हसलो. गाडी पुढे गेली. पुढच्या जूनला माझी सून पटावर लागली.

ती आता कुठे आहे, मला माहीत नाही. पाथर्डीकडे माणसं पाठवून विचारलं. आईवडील गेले, ती लग्न होऊन कुठेतरी गेली, एवढंच कळलं. म्हणून हे लिहून संस्थेला द्यायचं मी ठरवलं. त्या मुलीने कुणाची टिंगल केली नव्हती. शब्द माझे होते. चूक मला आदल्या दिवशी दिसली होती. लॅपटॉप मी बदलायला लावला होता.

देण्याआधी सुनेला सांगावं म्हणून तिला बसवलं. ती शाळेच्या गडबडीत होती, डबा भरत होती. सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग म्हणाली, "बाबा, मी रुजू झाले त्या दिवशी तुम्हीच मला म्हणालात, ती वेबसाईट दुरुस्त कर, फक्त फोटोंचे पत्ते बदल. तुम्ही तर तेव्हा पेज उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं, तरी चूक कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक होतं."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग तू कधी बोलली का नाहीस, मी विचारलं.

"मला नोकरी हवी होती." तिने डब्याचं झाकण लावलं. "तुम्ही आता हे द्याल, मोकळे व्हाल. मी उद्या कुठल्या तोंडाने वर्गात उभी राहू? तिच्या जागेवर उभी आहे म्हणून सांगू?"

तिने पर्स घेतली, चप्पल घातली.

"द्यायचंच असेल तर आजच द्या," ती म्हणाली. "आणि दुपारचं वाढून घ्या. इथून पुढे मला सांगू नका."