नानजिंगच्या नदीत सोडलेला दिवा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. मूळचा नागपूरचा, कोड लिहून पोट भरणारा. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

मागच्या ऑगस्टमध्ये ऑफिसच्या कामाने चीनमध्ये नानजिंगला जावं लागलं. मनातून जायचं नव्हतं, कारण इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, सायलीची — माझ्या बायकोची — केमो नुकतीच संपली होती. स्कॅन क्लीन आला होता. तीच म्हणाली, "जा रे, आई आहे ना माझ्याजवळ. फक्त नदी दिसली की माझ्यासाठी एक दिवा सोड." असले प्रकार मी जन्मात केले नव्हते, पण तिला नाही कोण म्हणणार?

नानजिंग म्हणजे एके काळची राजधानी. छिनहुआई नदीच्या काठाने पांढऱ्या भिंतींची जुनी घरं, लाल कंदील, होड्या. दुकानादुकानांत बदकं टांगलेली, त्यामुळे मी शाकाहारी प्राणी गोड पाकातल्या अळूच्या कंदांवर दिवस काढत होतो. सायलीला रेशमी स्कार्फ घेतला. पुलाजवळ एक बाई कागदी कमळातले दिवे विकत होती. तिने खुणेनेच नाव विचारलं. मी फोनवर सायलीचं नाव चिनी अक्षरांत काढून दाखवलं. तिने ते कमळावर लिहिलं आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत!

दिवा पायरीलाच अडकला, पुढे जाईचना. मी छत्रीच्या टोकाने त्याला ढकललं, तसा तो लांब वाहत गेला. मी फोटो काढला आणि लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला. नानजिंगला संध्याकाळ, घरी सकाळ. सायली किचनमध्ये खाली बसलेली, सासूबाई तिला पाणी देत होत्या.

"निखिलराव, ही म्हणते मी हिला मागून ढकललं. अहो, मी तर बाहेर डेकवर होते!"

सायली हसत होती. "खरंच यार, पाठीत काठीनं ढोसल्यासारखं झालं."

छत्री अजून माझ्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिथल्या ऑफिसमधल्या लिनला फोटो दाखवला. तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "हू डाइड?" या महिन्यात तिकडे असे दिवे गेलेल्या माणसांसाठी सोडतात म्हणे, त्यांना पुढची वाट दिसावी म्हणून.

मी परत आलो आणि थोड्याच दिवसांत सायलीची पाठ दुखायला लागली. ती म्हणाली होती नेमकं तिथेच, मणक्यात. आता डॉक्टरांनी ट्रीटमेंट थांबवली आहे, हॉस्पिटलचा बेड आमच्या लिव्हिंग रूममध्ये आलाय. कॅन्सर परत येतो, त्याला दिव्याबिव्याचं कारण लागत नाही, एवढं मलाही कळतं. पण मग त्या सकाळी तिला कोणी ढोसलं?

लिन काय म्हणाली ते मी घरी सांगितलेलं नाही. काल दुपारी सायलीने विचारलं, "माझा दिवा लांब गेला होता का रे? लांब गेला की चांगलं असतं म्हणतात."

माझ्या डोक्यात लिनचंच होतं: लांब जातो तो गेलेल्या माणसाचा दिवा. मग ती इथेच राहावी म्हणून खोटंच बोललो, "नाही गं. काठालाच राहिला."

"असं होय," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तेव्हापासून तिने काही खाल्लेलं नाही.