बिनगाठीचं दुपटं

हेमांगी परबच्या हातातली छोटी कातर शिकायला येणाऱ्या बायकांना फार गोड वाटायची, जोवर ती त्यांच्या कापडाला लागली नव्हती तोवर. अंधेरीच्या एमआयडीसीत, जिथं पूर्वी पंख्यांचे सुटे भाग बनत त्या गाळ्यात, दर शनिवारी तिची गोधडीची कार्यशाळा भरे. गाळा श्वेता नावाच्या एका हौशी बाईचा. तिनं भिंती पांढऱ्याशुभ्र करून घेतल्या होत्या आणि कोपऱ्यात लेमन टीची सोय ठेवली होती. बायका आपापल्या आयांची, सासवांची जुनी पातळं घेऊन मुलुंडहून, घाटकोपरहून येत. हेमांगी त्यांच्या चटयांमधून फिरे. एखादीचा टाका वाकडा दिसला की अवाक्षर न काढता कातरीचं टोक खाली घाली आणि अख्खी ओळ उसवून मोकळी होई. समोरचीच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत ही पुढच्या चटईवर पोचलेली असे. तरी वर्ग भरलेलाच. जो मास्तर अपमान करत नाही त्याला काही येत नाही, हा आपल्याकडचा जुना समज, आणि त्यावर कितीजणांची पोटं भरली असतील कोण जाणे.

हे उसवणं तिला आईकडून आलं होतं. शेवंती मूळची देवगडकडची. नवरा सहदेव गिरणीत साच्यावर कापड विणायचा. गिरणीला टाळं लागलं तसा तोही घरात गप्प बसला, आणि शेवंतीनं लोकांच्या गोधड्या शिवून घर ओढलं. मुलगा नाही, एकच मुलगी. हेमांगीनं लहानपणी पहिली गोधडी पुरी केली तेव्हा शेवंतीनं ती चाळीच्या गॅलरीत, शेजारणींच्या देखत मांडीवर घेतली, एकदा हात फिरवला आणि शेवटापासून सुरुवातीपर्यंत उसवून काढली. पोर हमसून हमसून रडली. रडून टाका सरळ होत नाही, एवढंच शेवंती म्हणाली. पाठीवरून हात फिरवणं तिला जमत नव्हतं असं लोक म्हणत. जमत असेलही, पण तिनं ते कधी केलं नाही.

हेमांगी आधी एका एक्स्पोर्टच्या कंपनीत नमुने शिवायची. लग्न होऊन बोरिवलीला आल्यावर घरीच गोधड्या करू लागली. कुणीतरी एका हॉटेलच्या भिंतीसाठी तिच्याकडून भलीमोठी गोधडी करून घेतली, पेपरात फोटो आला, आणि परबबाईंची एकदम टेक्स्टाइल आर्टिस्ट झाली. सहदेव गेल्यावर शेवंती लेकीकडे राहायला आली. लेकीच्या दारात राहायचं तर आवाज खाली ठेवायचा असतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

पण कार्यशाळेला येणाऱ्या बायकांना खरी ओढ होती ती शेवंतीचीच. श्वेताच्या जाहिरातीत 'आजींचा हात' हे शब्द ठळक असत. घरी म्हातारी गाऊनवर वावरायची, पण शनिवारी तिला नऊवारी नेसवून खुर्चीवर बसवत आणि हातात सुई देत. श्वेतानं एकदा नथही आणली होती. विधवा बाई नथ घालत नाही असं शेवंतीनं तोंडावर सांगितलं तेव्हा तो नाद सुटला.

मग शेवंतीच्या हातांना कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि हेमांगीला बाजूला घेऊन म्हणाले की हात थरथरतात तेवढंच, आजींचं डोकं तुमच्याआमच्यापेक्षा ठणठणीत आहे. हेमांगीनं ते नीट ऐकलं.

म्हातारीचे टाके आता रांग फुटलेल्या मुंग्यांसारखे कुठेही जात. हेमांगी ते गुपचूप उसवी आणि आपल्या हातानं पुन्हा घाली. हेमांगी मुलुंडच्या महिला मंडळातही शिकवायला जाई. तिथं शेवंती येत नसे, म्हणून आजींच्या नावानं हे नमुने तिथं फिरत. बायका त्या टाक्यांवरून बोटं फिरवत आणि आजींच्या हाताची सर कुणाला नाही म्हणत. हेमांगी हसून मान डोलवायची, पण मनातून जळायची. ज्या बाईनं जन्मात शाबासकी दिली नाही, तिच्याच नावावर आपलं काम वाहवा मिळवतंय, हे कुणालाही झोंबलं असतं. खरं सांगावं तर वर्गातली गर्दी ओसरणार. म्हणून ती गप्प राहिली आणि जळत राहिली.

अशात तिची मुलगी सई बाळंतपणाला माहेरी आली. शेवंतीनं कपाटातून आपलं एक जुनं लुगडं काढलं. आपल्याकडे नव्या जिवाला नवं कापड घालत नाहीत, घरातल्या म्हातारीच्या अंगावर विरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडंच त्याच्या दुपट्याला लागतं. शेवंतीच्या माहेरी त्यातही एक नेम होता. बाळाच्या दुपट्यात दोऱ्याला गाठ मारायची नाही, शेवट दोन थरांच्या आत वळवून लपवायचा. गाठ कोवळ्या पाठीला टोचते हे एक, आणि जीव आत्ता कुठं वाटेला लागतोय, त्याच्या वाटेत गाठ कशाला, हे दुसरं.

या दुपट्याला हात लावायचा नाही, असं तिनं लेकीला बजावलं. दोरा तेवढा सईकडून ओवून घ्यायची आणि खिडकीशी बसून शिवायची. सुई कापडात शिरण्याआधी चारदा बोटात शिरे. पुरं झालं तेव्हा दुपटं मांडीवर पसरून ती बराच वेळ बघत राहिली. एकही ओळ धड नव्हती. हेमांगी चहा घेऊन आली तशी तिच्याकडे न बघताच म्हणाली,

"वाकडां झालां. ऱ्हवांदे. माझां आसा."

हेमांगीनं चहा खाली ठेवला आणि आत निघून गेली. वाकडा टाका राहूही द्यायचा असतो, हे आईला एवढं वय झाल्यावर कळलं होतं, आणि कळलं ते पणतवंडासाठी. लेकीच्या वेळी कळलं असतं तर काय बिघडलं असतं?

सईला मुलगी झाली. बारसं ठरलं. श्वेता कॅमेरा घेऊन येणार होती, घरातल्या चार पिढ्या आणि त्यांचं दुपटं असा फोटो पुढच्या जाहिरातीला लागणार होता. हेमांगीनं दुपटं उजेडात धरलं. असं काम लोकांसमोर गेलं तर आईचं हसं होईल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. त्यात थोडं खरंही होतं. उरलेलं सगळं चाळीच्या गॅलरीतलं होतं.

धुवायला टाकलंय असं घरात सांगून ती दुपटं अंधेरीला घेऊन गेली आणि रिकाम्या गाळ्यात एकटी उसवत बसली. शेवंतीचे टाके एकेक करून सुटत गेले. ते किती सहज सुटतात याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही. मग तिनं स्वतःचे टाके घातले, तांदळाच्या दाण्याएवढे, सरळ. घाईत हात सवयीनं चालला. नवख्या बायकांना दोऱ्याचा शेवट लपवणं जमत नाही, म्हणून कार्यशाळेत ती प्रत्येक ओळीला गाठ मारायला शिकवत असे. तेच बोटांत बसलं होतं. ओळीमागून ओळ होत गेली, प्रत्येकीला गाठ पडत गेली, आणि बाईच्या ध्यानातही आलं नाही.

बारसं बोरिवलीला सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. पाळणा सजला होता, घुगऱ्या वाटायला काढल्या होत्या, कार्यशाळेतल्या पाचसहा बायकाही नटूनथटून आल्या होत्या. घरातली वडीलधारी म्हणून बाळाला पाळण्यात निजवायचा मान शेवंतीचा. तिच्या मांडीवर दुपटं ठेवलं. तिनं सवयीनं काठावरून अंगठा फिरवला. हात थरथरत होता, पण अंगठ्याला सगळं कळत होतं. तो एका जागी थांबला, पुढे सरकला, पुन्हा थांबला.

"गाठ कोणी मारल्यान?" शेवंतीनं विचारलं.

कुणाला काही उमगलं नाही. शेवंतीनं दुपटं उलटं केलं, एकेक ओळ चाचपली आणि शांतपणे लेकीकडे बोट केलं.

"ह्यां माझ्या हातचां न्हय. माझां होतां तां हिणां उसवल्यान. मी पोराक गाठीर निजवचंय नाय."

श्वेताचा कॅमेरा चालूच होता. सई बाळाला छातीशी धरून आईकडे बघत होती. हेमांगीनं तेव्हा 'हो, चुकलं माझं' म्हटलं असतं तर काय झालं असतं? बायका हसल्या असत्या, एखादीनं टोमणा मारला असता, आणि घुगऱ्या खाऊन सगळ्या घरी गेल्या असत्या. हेमांगी आईच्या शेजारी बसली. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे बघून मायेच्या, खालच्या आवाजात म्हणाली,

"आईला हल्ली नीट आठवत नाही हो. तिनंच शिवलंय, महिना-दोन महिने खपून."

बायकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्या एकदम दयाळू झाल्या. एकीनं शेवंतीच्या हातातून दुपटं हलकेच काढून घेतलं. दुसरी तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली की आजी, तुम्हीच शिवलंय, बघा किती सुरेख झालंय. शेवंती एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. आपलं नाही हे, असं तिनं पुन्हा सांगितलं, तेव्हा बायका गोड हसल्या. तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला तशी सई बाळाला घेऊन मागे सरली. पाळण्यात बाळाला विहीणबाईंनी निजवलं, त्याच दुपट्यावर.

घरी आल्यावर शेवंतीनं भांडण काढलं नाही. गाऊन घालून कॉटवर बसली आणि लेकीला म्हणाली की तिथं चार माणसांत बोललीस ते बोललीस, आता इथं कुणी नाही, खरं काय ते सांग. हेमांगीला सांगता आलं असतं. पण आईसमोर एकदा कबूल केलं की आई ते सईला सांगणार, सई सासरी सांगणार, म्हणजे बारशाला बोललेलं सगळं उलटून अंगावर येणार. तिनं पाण्याचा पेला पुढे केला.

"आई, गोळी घेतलीस का तू?"

शेवंतीनं पेला घेतला नाही.

त्या दिवसापासून घरात म्हातारीची काळजी सुरू झाली, आणि काळजीइतकं निर्दय दुसरं काही नसतं. सई तिच्या मांडीवर बाळ द्यायची ती शेजारी कुणी बसल्यावरच. सुयांचा डबा कपाटावर गेला, म्हातारीचा हात पोचणार नाही इतका वर. गॅसजवळ जायला बंदी झाली. शेजारणी दारातूनच ओरडून विचारत, ओळखलंत का आजी. हेमांगीच्या नवऱ्याशी बोलताना एकदा शेवंती नाव चुकली, जसं घरात सगळेच चुकतात, तर त्यानं बायकोकडे सूचकपणे पाहिलं. पहिले काही दिवस ती तडफडली, प्रत्येकाला सांगत सुटली. जितकं सांगे तितकं लोकांना पटत जाई की हिचं डोकं गेलं. मग ती गप्प झाली. गप्पपणातून हळूहळू बारीकसारीक विचारू लागली. मी जेवले का? आज गुरुवार ना? शहाणी माणसंही हे विचारतात, पण तिच्या तोंडी तो पुरावा झाला.

डॉक्टर काय म्हणाले होते, ते घरात फक्त हेमांगीला माहीत होतं.

श्वेतानं दुपटं मागून घेतलं आणि गाळ्याच्या पांढऱ्या भिंतीवर लावलं. खाली 'आजींचं शेवटचं काम' अशी पट्टी. एका शनिवारी शेवंतीला नऊवारी नेसवून त्याच भिंतीशी खुर्चीवर बसवलं होतं. हात मांडीवर रिकामे होते. घाटकोपरहून एक बाई नव्यानंच आली होती, सासूचं पातळ कुशीत धरून. आजींना आठवत नाही, हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं, तशी ती वाकून मोठ्यानं बोलली. आजी, हे कुणी शिवलंय?

शेवंती खुर्चीतून अर्धवट उठली. दुपट्याचा कोपरा अंगठा आणि बोटांत धरला. अंगठा काठावरून सरकला आणि गाठीवर येऊन थांबला.

हेमांगी चटयांच्या पलीकडे कातर घेऊन उभी होती. त्या घटकेला तिला मनापासून, अगदी पोटातून वाटलं की आईनं नाही म्हणावं. चाळीतल्यासारखं फाडकन म्हणावं. आता एकदा नाही म्हणाली की मी सगळ्यांसमोर कबूल होते, असं तिनं खरोखर ठरवलं. आपण कधी एवढं मोठं पाप केलं नव्हतं, आणि त्यातून बाहेर यायला आईचा एक शब्द पुरला असता.

शेवंतीनं कोपरा सोडला. ती लेकीकडे वळली. तिच्या डोळ्यांत भीती होती. गिरणी बंद पडली तेव्हाही हेमांगीनं त्या डोळ्यांत भीती पाहिली नव्हती.

"हेमा," ती हळूच म्हणाली, "मियाच शिवलंय ना गो ह्यां?"

सगळ्या बायका हेमांगीकडे बघत होत्या.

"हो, आई," हेमांगी म्हणाली. "तूच."

शेवंतीनं मान हलवली आणि खुर्चीत बसली. घाटकोपरची बाई खाली वाकून तिच्या पाया पडली.