बापाच्या बराकीत

"मॅडम, बापाच्याच बराकीत ठेवलाय मी त्याला. बापाचा धाक राहील," जेलरसाहेब म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

मी चहाला नको म्हणाले. राग आला की मला चहा जात नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी प्रोबेशन ऑफिसर होते, पूर्व उपनगरांतल्या एका कोर्टाकडे. एकवीस वर्षांखालच्या मुलाने गुन्हा केला, तर शिक्षा सुनावण्याआधी मॅजिस्ट्रेट आमच्याकडून रिपोर्ट मागवत. घर कसं आहे, मुलगा सुधारेल का, सांभाळायला कोणी तयार आहे का. रिपोर्ट चांगला असला तर मुलाला बॉण्डवर घरी पाठवत आणि पुढे त्याच्यावर आमची देखरेख राही. याला प्रोबेशन म्हणतात. रिपोर्ट वाईट आला तर जेल.

हा मुलगा कांजूरमार्गचा. त्याला दिलीप म्हणू. वय एकोणीस. चहाच्या टपरीवर एकाने बापावरून टोमणा मारला, तर याने लोखंडी सळईने त्याचा जबडा आणि हात मोडला. माणूस खाली पडल्यावरही मारत होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण मुलगा गरीब गाय नव्हता. गुन्हा त्याने कबूल केला होता. जामीन राहण्याइतकी ऐपत घरात कुणाची नव्हती, म्हणून निकाल लागेपर्यंत आत होता.

त्याचा बाप भिकाजी त्याच जेलमध्ये जन्मठेप भोगत होता. मूळचा कुडाळकडचा, गिरणी कामगार. चाळीतल्या भांडणात त्याच्या हातून शेजारी मेला, तेव्हा दिलीप लहान होता. पुढे आई आजारपणात गेली. अंत्यसंस्कारासाठी भिकाजीला पोलीस बंदोबस्तात घरी जायची परवानगी मिळाली होती, पण तो गेला नाही. हातात बेड्या घालून चाळीत शिरायची त्याला लाज वाटली. मुलाने ते मनात धरलं. आत्याने त्याला वाढवलं, पण बापाला भेटायला तो एकदाही आला नाही.

चांगल्या वागणुकीच्या जुन्या कैद्याला बराकीवर नजर ठेवायला नेमतात. त्याला वॉर्डर म्हणतात. भिकाजी कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे खटला चालू असलेल्यांच्या, बराकीचा वॉर्डर होता. जेलरसाहेबांनी पोरगा नेमका तिथेच टाकला.

"साहेब, बापलेकांचं बोलणंसुद्धा नाही. धाक कसला राहणार?"

"रिपोर्ट तुम्ही लिहा मॅडम. जेल मला चालवू द्या."

दिलीपला भेटले. उंच, हडकुळा, सारखी नखं खाणारा.

"मला दुसरीकडे टाकायला सांगा ना मॅडम. तो माझ्याकडे नुसता बघत बसतो."

"मग बोल ना त्याच्याशी."

"आई गेली तेव्हा कुठे होता? आता काय बोलू त्याच्याशी?"

भिकाजी बाहेर व्हरांड्यात उभाच होता. माझं माहेर त्याच्याच बाजूचं हे त्याने कुठूनतरी काढलं होतं, त्यामुळे माझ्याशी मालवणीत बोलायचा.

"बाईनु, सुटात मा तो?"

"सुटायला हरकत नाही. फक्त तारखेपर्यंत आत काही भानगड होऊ देऊ नका."

"नाय होवची," तो म्हणाला.

आत्याकडे जाऊन आले. एका खोलीत पाच माणसं. ती भांडी घासता घासता म्हणाली, "येऊ दे त्याला. एखाद दिवशी मलाही मारील. पण ठेवीन." असा जामीन मला फार थोड्या घरांत मिळाला. मी प्रोबेशनची शिफारस केली आणि निश्चिंत झाले.

तारीख तोंडावर आली असताना एका सकाळी बराकीची झडती निघाली. शिपाई एका टोकाकडून, वॉर्डर दुसऱ्या टोकाकडून. भिकाजीने दिलीपचं कांबळं उचललं, तर खाली चमचा होता. फरशीवर घासघासून दांड्याचं पातं केलेला.

टपरीवर मार खाल्लेल्या माणसाचा एक दोस्त त्याच बराकीत आला होता आणि रोज धमक्या देत होता. दिलीपने आपल्या बचावासाठी पातं केलं होतं. निदान तो तसं म्हणाला. मला ते आजही खरं वाटतं.

शिपाई अजून लांब होते. शेजारीच मोरी होती. भिकाजीने ते तिथे टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. तोवर दिलीप त्याला "ए वॉर्डर" म्हणूनच हाक मारायचा. त्या दिवशी हळूच म्हणाला, "बाबा, फेकून द्या ना."

भिकाजीने पातं शिपायाच्या हातात दिलं.

हे मला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि दोघांच्या सांगण्यात शब्दाचा फरक नव्हता.

मी भिकाजीवर भडकले. "अहो, तारीख जवळ आली होती. कशाला दिलंत?"

"माझ्या भावांनी माका लय वेळा वाचवल्यानी, बाईनु. मी कोणाक मारून इलंय, की ते मिटवत. तसा नसता तर तो शेजारी आज जिवंत असतो." मग म्हणाला, "तेना माका इतक्या वर्सांनी बाबा म्हटल्यान. मगे बापाचा काम करूक नको?"

मी फाईल मिटली आणि निघाले.

कोर्टात मॅजिस्ट्रेटने जेलचा कागद माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, तुमचा रिपोर्ट चांगला आहे. पण मुलगा जेलमध्ये हत्यार बाळगतो. त्याला मी त्या आत्याच्या घरात कसा पाठवू?"

मी धमक्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन वर्षं दिली. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. यात मन खाणारी गोष्ट हीच आहे.

दिलीपला दुसऱ्या जेलमध्ये हलवलं. इकडे सुपरिटेंडेंटसाहेबांनी सगळ्या कैद्यांसमोर भिकाजीचं कौतुक केलं. सख्ख्या मुलालाही पाठीशी घातलं नाही म्हणून त्याला खास माफी दिली. जेलच्या भाषेत माफी म्हणजे शिक्षेतून कमी केलेले दिवस. आधीची जमलेली माफी धरून त्याची सुटका जवळ आली.

त्याने मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. मला वाटलं, आनंदात असेल. तो हात जोडून म्हणाला, "ही माफी माका नको. तेच्या नावार करूक गावात काय?"

मी समजावून सांगितलं, माफी ज्याची त्याला, ती मुलाच्या नावावर होत नाही. नको म्हणून परतही करता येत नाही. हे बोलताना मला रडू आलं. त्याने मान हलवली आणि कामाला निघून गेला.

तो मुलाच्या आधी सुटला. बहिणीकडे कांजूरमार्गला राहिला आणि मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन झाला. मुलाच्या मुलाखतीच्या, म्हणजे भेटीच्या, दिवशी रजा टाकून जेलच्या गेटवर जायचा, नाव द्यायचा, बाकावर बसायचा. थोड्या वेळाने शिपाई बाहेर येऊन सांगायचा, "नको म्हणतोय." मग परत फिरायचा.

दिलीप सुटला तो आत्याकडे गेलाच नाही. वसईकडे कुठे गॅरेजमध्ये आहे, एवढंच पुढे कानावर आलं. पुन्हा कोर्टात मात्र तो कधी दिसला नाही.

नोकरीत पुढे बापलेकांच्या बऱ्याच केसेस आल्या. प्रत्येक वेळी पहिल्याच दिवशी मी जेलरला लेखी कळवायचे, दोघांना वेगवेगळ्या बराकीत ठेवा. बापाचं बापपण बाहेर तपासावं. आत तपासलं, तर तो पास झाला तरी मुलगा हातचा जातो.