चुलत्यांचं मजबूत लिव्हर

सांगलीच्या कॉलेजात शिकत असताना मला कावीळ झाली आणि मी पलूसजवळच्या आमच्या गावी येऊन पडले. डोळे पिवळे, अन्नाच्या वासानंही मळमळायचं. माझ्या दुखण्याचा ताबा थोरल्या चुलत्यांनी घेतला. ते पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. घरात कुणी शिंकलं तरी हुकूम सोडायचे. पहिला हुकूम हळद बंद. पिवळं खाल्लं की कावीळ वाढते, हे त्यांचं शास्त्र. मग डाळ गेली. माझं पिवळं पातळसुद्धा ट्रंकेत गेलं.

गावातली एक बाई कावीळ उतरवायला हाताला कसलासा पाला चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावायची. माझं पाणी पिवळंधमक झालं. गंमत म्हणून माझ्या धडधाकट बहिणीनं हात धुतले, तिचंही झालं. चुलते म्हणाले, "हिलाबी हाय." तिचीही हळद बंद.

तरी उतार पडेना, तेव्हा ते मला सांगलीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बरगडीखाली दाबून पाहिलं.

"लिव्हर सुजलंय. खाल्लेल्यातली साखर साठवायची, लागेल तशी रक्तात सोडायची, पित्त करायचं, विष निवडायचं, सगळं ते एकटं करतं. त्याला विश्रांती द्या. हळदीनं काही होत नाही."

हळदीचं चुलत्यांना लागलं. "विष निवडतं म्हंजे, दारूचंबी?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांनाच टेबलावर झोपवलं. "तुमचं कडक लागतंय. पिणं आजपासून बंद."

"आवं, दुखणं पोरीचं हाय," चुलते सदरा खाली ओढत म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "कडक हाय म्हंजे मजबूत हाय. एवढं कळंना त्याला."

महिनाभर पडून राहिल्यावर मी बरी झाले. श्रेय पाल्यावालीला मिळालं. चुलत्यांची संध्याकाळची रम चालूच राहिली, सोबतीला भावकीतले तिघंचौघं. पलटणीतल्या माणसाचं लिव्हर कसं असतं, ते त्यांना रोज ऐकायला मिळे.

दोनेक वर्षांनी चुलत्यांचं पोट फुगलं, पाय सुजले. डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. उसाची तोड चालू असताना चुलते गेले.

तेराव्याला तीच भावकी ओसरीवर बसून म्हणत होती, "डॉक्टरनं पानी काढलं, तिथंच बिघडलं."

चहाचे कप मांडता मांडता चुलती म्हणाली, "सांच्याला त्यांच्यासंगं बसाय तुमीच येत हुता न्हवं?"

मंडळी चहा पिऊन लगेच उठली.