आमच्या गणपतीची अमेरिकन घटना

जपानात दुधाचे रिकामे खोके असेच फेकता येत नाहीत. धुवायचे, कापायचे, वाळवायचे आणि गठ्ठा होईपर्यंत साठवायचे. आमच्या मंडळाचे किस्सेही असेच साठत गेलेत. चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "मेधा, तो व्हेटोचा सांग ना!" आणि मग एकातून दुसरा निघतो. आज अख्खा गठ्ठाच सोडते!

आधी भांडण सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. टोकियोतलं ओजिमा आणि नदीपलीकडचं ग्योतोकु, दोन्हीकडच्या मराठी घरांचा मिळून एकच गणपती. ओजिमात घरं जास्त, ग्योतोकुत कमी. हात वर करून मतं घेतली की ओजिमा जिंकणार हे ठरलेलं! त्यामुळे गणपती दरवर्षी आमच्याच हॉलमध्ये. शेवटी ग्योतोकुचा पराग भडकला. "तुमचं बहुमत आणि आम्ही काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या? आता आमचा गणपती वेगळा!"

इथे आम्हाला ना मामा ना मावशी, जे काय गणगोत आहे ते हेच. मला तर रडूच येत होतं.

तेवढ्यात एमी उठली. एमी म्हणजे आमच्या वसुधाताई तानाकांची लेक. ताई लग्न करून कधीच्या जपानच्या झाल्या आणि लेक क्योतोला अमेरिकेच्या राज्यघटनेवर पीएचडी करतेय. "अहो, सेम भांडण अमेरिकेत झालेलं! मोठी राज्यं, छोटी राज्यं. त्यांनी दोन सभागृहं केली. हाऊसमध्ये लोकसंख्येप्रमाणे माणसं, सिनेटमध्ये सगळ्यांची सारखी. दोन्हीकडे पास झालं तरच पास!"

"म्हणजे एकाच गोष्टीवरून दोनदा भांडायचं?" आमचे अध्यक्ष मिलिंद साठे म्हणाले.

"हो!"

अशी कडाडून टाळी आमच्या मंडळात त्याआधी कधी पडली नव्हती!

* * *

घटनेत अध्यक्षाला व्हेटो मिळाला आणि मिलिंद हवेतच गेला. सभागृहांनी काहीही ठरवू दे, हा एकटा ते अडवू शकणार!

पहिलाच ठराव आला : अध्यक्षांनी आरतीआधी भाषण करू नये. मिलिंद बोलायला लागला की मोदक गार होतात, हे ओजिमालाही मान्य आणि ग्योतोकुलाही. दोन्ही सभागृहांत ठराव पास!

मिलिंदने लगेच व्हेटो मारला. का मारला यावर भाषणही केलं.

मग एमीने सांगितलं की दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं पडली तर व्हेटोही उडतो. सिनेटमध्ये पडली. हाऊसमध्ये मात्र एक मत कमी! आणि हात खाली ठेवून कोण बसलंय? मिलिंदची बायको ऋचा, ओजिमाची निवडून आलेली प्रतिनिधी. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने शांतपणे हात वर केला.

"अगं ऋचा!"

"मिलिंद, या हॉलमध्ये मी तुझी बायको नाही. मला लोकांनी निवडून दिलंय!"

* * *

सुप्रीम कोर्ट म्हणून वसुधाताईंना बसवलं. नेमणूक तहहयात.

"म्हणजे मला कुणी काढू शकणार नाही?" त्यांनी लेकीला विचारलं.

"नाही आई. न्यायाधीशाने कुणाला घाबरू नये म्हणून."

"अरे वा! मग आता मी खरं बोलते," असं म्हणून ताईंनी त्या दिवशीच्या आमटीवर पहिला निकाल दिला. आमटी मी केली होती!

* * *

त्यांचा खरा पहिला खटला कचऱ्याचा. निर्माल्य घरोघर वाटून दिलं होतं. मिलिंदने फर्मान काढलं की सगळ्यांनी ते एकाच प्रकारच्या पारदर्शक पिशवीत भरून टाकावं. ओजिमात ठीक. पण ग्योतोकु पडलं दुसऱ्या शहराच्या हद्दीत, तिथे त्या शहराचीच पिशवी लागते. झालं! कचरेवाल्यांनी परागच्या पिशवीवर लाल स्टिकर लावला आणि ती तिथेच ठेवून गेले. येणारे-जाणारे शेजारी थांबून थांबून बघतायत! पराग तडक कोर्टात.

वसुधाताईंनी घटना उघडली, बंद केली आणि म्हणाल्या, "जो अधिकार केंद्राला दिलेला नाही, तो राज्यांचा. मिलिंद, कचऱ्यात हात घालू नकोस!"

* * *

ग्योतोकुचे जोशीकाका मुलाकडे राहायला आलेत. काकांची भक्ती अफाट आणि सूर त्याहून! हॉलचा जपानी मॅनेजर एकदा धावत आला होता, कुणाला दुखतंय का विचारायला. शेवटी दोन्ही सभागृहांनी भीतभीत ठराव केला की काकांनी आरती मनातल्या मनात म्हणावी.

काका कोर्टात गेले. वसुधाताईंनी ठराव जागच्या जागी रद्द केला. "अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य! आवडणाऱ्या आवाजाला कायद्याचं संरक्षण कशाला लागतं? काका, तुम्ही खुशाल म्हणा."

काका विजयी मुद्रेने माईककडे निघाले.

"काका, तुम्ही थांबा. स्वातंत्र्य गळ्याचं आहे. माईक मंडळाचा आहे!"

* * *

आता शेवटचा. हा सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

यंदा ठराव आला : गणपती एक वर्ष ओजिमाला, एक वर्ष ग्योतोकुला. हाऊसमध्ये कसाबसा पास झाला. उरलं सिनेट. तिथे ओजिमाचे तिघे, ग्योतोकुचे तिघे. ओजिमाच्या तिघांत मी एक, आणि आम्ही तिघेही ठाम विरोधात. का? तर आमचा हॉल मोठा, आमची सवय आणि खरं सांगायचं तर आमचा हट्ट. पराग म्हणाला, "आज नाही झालं, तर आम्ही निघालो." आणि तो मुळीच चिडलेला नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तीन-तीन झाले तर निर्णायक मत उपाध्यक्षाचं. एरवी त्याला मत नाही. आमचे उपाध्यक्ष म्हणजे वसुधाताईंचे यजमान, तानाकासान. या पदाला काही काम नाही, म्हणून तर त्यांनी ते घेतलं होतं! आता ते इकडे पडोत की तिकडे, अर्धं मंडळ दुखावणार होतं.

त्याच आठवड्यात ते सायकलवरून माझ्याकडे आले होते. मांजू या जपानी मिठाईचा खोका आणला, चहा घेतला, पोहे खाल्ले. ठरावाचं नावही काढलं नाही. निघताना बूट घालता घालता त्यांनी त्यांच्या सावकाश मराठीत विचारलं, "मेधासान, आरतीला कोण दिसलं नाही, तर तुम्ही दाराकडे बघत राहाल?"

माझ्या तोंडून परागच्या बायकोचं नाव निघालं. ते वाकले आणि गेले.

बैठकीत एमीने विचारलं, "ठरावाच्या बाजूने?" ग्योतोकुचे तीन हात वर गेले. मी माझा वर केला आणि घाबरत शेजारी पाहिलं. शेजारचाही वर! त्याच्या पलीकडचाही!

"तुझ्याकडेपण आले होते?" शेजारचा कुजबुजला.

सहाच्या सहा! पराग उठून उभाच राहिला. एमी आनंदाने ओरडली, "ओतोसान! बाबा! तुमच्या मताची गरजच पडली नाही!"

तानाकासान खुर्च्या आवरायला लागले होते.

"हो ना," ते म्हणाले, "उपाध्यक्षाला काही कामच नसतं."