नवनाथचं गणित आणि गावातली हुशार माणसं

पास झालेल्यांकडं सांगण्यासारखं काही नसतं. पेढे वाटले, स्टेटस ठेवलं, पुण्याला गेले, विषय संपला. किस्से साठतात ते नापास झालेल्यांकडं. दर परीक्षेला दोन-चार नवे. लोहाऱ्यात बारावीच्या गणितात आपटलेली आम्ही पोरं संध्याकाळी माझ्या भावाच्या झेरॉक्सच्या दुकानापुढं जमायचो आणि एकमेकांचे पेपर आठवून खिदळायचो. येणारेजाणारे म्हणायचे, "नापास होऊन दात काढतेत, लाज न्हाय." आता रडून मार्क वाढत असते तर आम्ही रडलोही असतो.

मी नसीम. तीनदा बसले, तीनदा पडले, मग शिक्षण सोडलं. त्याचं मला काही वाटत नाही, आता ते झेरॉक्सचं दुकान मीच बघते. पण हे किस्से माझे नाहीत. नवनाथचे आहेत.

नवनाथ माझ्या वर्गातला. घरची मेंढरं. लहानपणापासून मेंढरांमागं पळून पोरगं असं तयार झालेलं की सोळाशे मीटरला तालुक्यात त्याच्या पुढं कुणी नाही. त्याला पोलीस व्हायचं होतं, आणि भरतीला बारावी पास लागते. बाकीचे विषय निघाले, एक गणित अडलं. तेही त्यानं मागितलं नव्हतं. दहावीला बरे मार्क पडले म्हणून आमच्या गणिताच्या ढगे सरांनी त्याला धरून सायन्सला घातलं. "गणित घे, सगळी दारं उघडी राहतात." दारं राहिली उघडी, पोरगं उंबऱ्यात अडकलं.

*

पहिल्या खेपेला त्याला गणितात प्रॅक्टिकल धरून एकोणीस पडले. त्यानं बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची कॉपी मागवली. ती आली आणि आमच्याच दुकानात प्रिंट काढली. सोबत त्याचे वडील होते, बापू. बापूंना वाचता येत नाही, पण त्यांनी एकेक पान उजेडाला धरून बघितलं.

"नसीम, ही समदी पानं यानंच भरली?"

"व्हय बापू."

"कोरं कुठं सोडलेलं न्हाय?"

"न्हाय."

बापूंनी गठ्ठा सारखा केला, तळहातावर ठेवला आणि कोकराचं वजन करावं तसा खालीवर तोलला.

"मग एकोणीसच? एवढ्या कागदाचं रद्दीवाला बी जास्त देतो."

मोठ्या माणसांत मी फक्त बापूंना शिव्या देत नाही.

*

जुलैच्या फेरपरीक्षेआधी ढगे सरांनी उपदेश केला. "गणित समजत नसेल तर पाठ करा." बावीस वर्षं नोकरी करून माणूस हे सांगतो. असो.

नवनाथनं पाठ करायची स्वतःची पद्धत काढली. सकाळी ग्राउंडवर पळताना सूत्रं म्हणायची. सोळाशे मीटर म्हणजे चार राउंड. पहिल्या राउंडला त्रिकोणमिती, दुसऱ्याला वर्तुळ, तिसऱ्याला डेरिव्हेटिव्ह, चौथ्याला इंटिग्रेशन. महिनाभरात सगळं तोंडपाठ. मी सायकलवर घड्याळ लावून शेजारून जायचे आणि खात्री करायचे. एक सूत्र चुकत नव्हतं.

परीक्षेत बाकावर बसला आणि एक आठवेना.

अर्धा तास डोकं धरून बसला, मग हळूच बाकाखाली पाय हलवायला लागला. आधी सावकाश, मग जोरात. त्रिकोणमिती आली. अजून जोरात. वर्तुळ आलं. बाक खडखडायला लागलं तसे सुपरवायझर धावत आले. त्यांना वाटलं, पाय आपटून कुणाला तरी खाणाखुणा करतोय.

"पाय बंद कर."

"सर, दोन मिनिटं."

"बंद कर म्हणतो ना."

"सर, तिसरा राउंड चालू हाय. आत्ता थांबलो तर डेरिव्हेटिव्ह जातंय."

पाय बंद केले. डेरिव्हेटिव्ह गेलं. या खेपेला प्रॅक्टिकल धरून अठ्ठावीस पडले. म्हणजे बघा, दोन राउंडचे अठ्ठावीस. चार राउंड पळू दिलं असतं तर पोरगं तेव्हाच पोलीस झालं असतं.

*

दोनदा नापास झालेल्यांसाठी कॉलेजनं कार्यक्रम ठेवला. पोरं खचतात, त्यांना धीर द्यायला. पुढच्या तीन रांगा पाहुण्यांना, मागं आम्ही, सतरंजीवर. कुणीतरी निवृत्त साहेब बोलायला आणलेले. त्यांचा सत्कार झाला, त्यांना आणणाऱ्याचा झाला, ज्यानं शाल आणली त्याचाही झाला. आमचा धीर तोवर सुटत आलेला.

साहेब दीड तास बोलले. स्वतःच्या पोरानं परदेशात घर घेतलं ते सांगितलं. शेवटी बोट वर करून म्हणाले, "लक्षात ठेवा, अपयश ही यशाची पहिली पायरी असते. काही शंका?"

नवनाथ उठला. त्याला शंका विचारायला सांगितलं तर तो खरंच विचारतो, हीच त्याची खोड.

"साहेब, माझ्या दोन पायऱ्या झाल्यात. जिना केवढा हाय?"

आभारप्रदर्शन लगेच उरकण्यात आलं.

*

झेरॉक्सच्या दुकानात बसलं की एक फायदा होतो. गावातल्या सगळ्या थोर माणसांचे मार्क कळतात.

माझे मामू सरकारी नोकरीत. ईदला घरी आले की शिरखुर्म्याची वाटी हातात घ्यायची आणि सुरू. "आमच्या टायमाला गाईड नव्हतं, क्लास नव्हता, लाइटसुद्धा धड नव्हती. तरी गणितात ऐंशीच्या खाली कधी उतरलो नाही." अम्मी भक्तिभावानं ऐकणार आणि माझ्याकडं बघणार.

एकदा मामू पेन्शनच्या कागदांसाठी दुकानात आले. नवनाथ स्टुलावर बसून जुन्या प्रश्नपत्रिका लावत होता. मामूंनी आधी त्याचा समाचार घेतला. "मन लावून करत नाही तुम्ही पोरं. मोबाइल, मोबाइल, मोबाइल." नवनाथकडं तेव्हा बटणाचा फोन होता.

मग त्यांनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला, मला हात लावू दिला नाही, स्वतः काचेवर पालथा घातला, वरून झाकण दाबलं आणि झाकणावर पंजा ठेवून उभे राहिले.

"तू फक्त बटन दाब."

मी दाबलं. पण कागद बाहेर पडायचा ट्रे माझ्या बाजूला असतो, हे मामूंना कुणी सांगितलं नव्हतं. गणित : पस्तीस. शेजारी ग्रेसची चांदणी.

मी म्हटलं, "मामू, एक कॉपी जादा काढू का? इथं भिंतीला लावते. पोरांना हुरूप येईल."

मामूंनी कॉपीची घडी घालून खिशात कोंबली. बोलला नवनाथ, तोही अगदी आदरानं.

"मामू, लाइट नव्हती म्हणून. न्हाईतर तुम्हाला अडतीस कुठं गेले न्हवते."

*

तिसऱ्या खेपेला बापूंनी स्वतः लक्ष घातलं. ते अणदूरला खंडोबाला जाऊन आले आणि पेपरच्या सकाळी नवनाथच्या हॉलतिकिटाला भंडारा लावला. लावला म्हणजे चिमूटभर नाही. मेंढराच्या पाठीला रंग लावतात तसा, पंजानं, वरून खाली. फोटो, नंबर, सही, सगळं पिवळं.

गेटवरच्या सरांनी हॉलतिकीट तिरकं करून बघितलं, उलटं करून बघितलं.

"हा फोटो तुझाच आहे कशावरून?"

"सर, पुसून बघा. खाली मीच हाय."

सर पुसायला तयार होईनात. उगाच कोपबिप व्हायचा. नवनाथही पुसेना, बापू गेटच्या बाहेर उभे होते. शेवटी मी पळत दुकानात गेले आणि दुसरी प्रिंट काढून आणली. पेपर सुरू व्हायला सात मिनिटं राहिली होती. त्या धावपळीत मी स्वतःची कंपासपेटी दुकानात विसरले. असं असतं माझं.

*

आता लातूरचं सांगते.

ढगे सर शिकवायचे एका गाईडमधून. त्यात एक गणित होतं, वक्राच्या आतलं क्षेत्रफळ काढा. कसंही सोडवा, उत्तर यायचं चौसष्ट छेद तीन. गाईडच्या मागं छापलेलं बत्तीस छेद तीन. छापणाऱ्याची चूक. दुसरा एखादा म्हणाला असता, पोरांनो, गाईड चुकलंय. सर नाही म्हणाले. सरांच्या मते माणूस चुकतो, छापील चुकत नाही. मग दोन्ही जुळावं म्हणून त्यांनी एक पायरीच वाढवली.

"आकृती वर-खाली सारखी आहे ना? म्हणजे जुळी पोरं झाली. जुळी झाली तरी रेशनकार्ड एकच. दोननं भागा."

आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, बाय ट्विन्स रूल. वर्षभर घोकून घेतलं. सर चौसष्ट छेद तीन लिहून थांबायचे, वर्गाकडं वळायचे, विचारायचे, "मग पुढं काय करायचं?" आणि अख्खा वर्ग उत्तर द्यायचा.

तिसऱ्या खेपेला हेच गणित पेपरात आलं. आमच्या कॉलेजच्या एकतीस पोरांनी ते सोडवलं. एकतीसच्या एकतीस पेपरांत, जगातल्या कुठल्याच पुस्तकात नसलेला नियम, त्याच शब्दांत. तपासणाऱ्याला वाटायचं तेच वाटलं. सामूहिक कॉपी. सगळ्यांचे निकाल राखीव, आणि सुनावणीला लातूरला, बोर्डाच्या ऑफिसात बोलावणं. कॉपी ठरली तर पेपर रद्द आणि पुढं बसायलाही बंदी. भरतीचा फॉर्म भरायची मुदत त्याच महिन्यात संपत होती.

दोन जीप करून गेलो. सर आमच्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर. वाटेत मागं न बघता म्हणाले, "आत माझं नाव कुणी काढायचं नाही. गुरूची अब्रू असते."

मी म्हटलं, "आणि पोरांची, सर?"

"तू गप बस. तुझ्यासारखीमुळंच कॉलेजचं नाव खराब होतं."

रिपीटर म्हणून माझा आणि नवनाथचा नंबर शेजारी, त्यामुळं आधी आम्हा दोघांना आत घेतलं. बाकीची एकोणतीस व्हरांड्यात. उकाडा इतका की दार उघडंच ठेवलेलं. टेबलामागं एक मॅडम, बाजूच्या खुर्चीत कॉलेजतर्फे ढगे सर. टेबलावर नवनाथची उत्तरपत्रिका, तिला राखीवची चिठ्ठी टाचलेली. चिठ्ठीखाली लाल शाईतले मार्क दिसत होते. नवनाथनं ते उलटे वाचले. एकवीस. त्यानं मागं हात बांधून बोटं मोजली. प्रॅक्टिकलचे पंधरा. छत्तीस.

"नसीम," तो ओठ न हलवता म्हणाला, "पास हाय मी."

"हा ट्विन्स रूल कुणाचा बघून लिहिला?" मॅडमनी विचारलं.

"कुणाचा न्हाय, मॅडम."

"मग एकतीस जणांना एकदम सुचला?"

दोन वर्षं ज्याच्यासाठी घासली ते छत्तीस समोर पडलेले, आणि पोरगं जमिनीकडं बघत उभं. सरांचं नाव घेण्यापेक्षा कॉपीबहाद्दर म्हणून घरी गेलेला चालला असता त्याला. असंच वाढवतात आम्हाला.

मी म्हटलं, "मॅडम, सरांनी शिकवलाय."

ढगे सर खुर्चीतून उठलेच. "साफ खोटं बोलतेय. बावीस वर्षं गणित शिकवतोय मी. असला कुठला नियम माझ्या कानावरसुद्धा आलेला नाही."

नवनाथनं तेव्हा मान वर केली आणि सरांकडं बघितलं. रागानं नाही. एखादं मेंढरू भलत्याच कळपात गेलेलं दिसावं, तसं.

मॅडमनी वाद घातला नाही. भिंतीला पांढरा फळा होता, मीटिंगचा. त्यांनी सरांना मार्कर दिला. "ठीक आहे, सर. मग तुम्हीच सोडवून दाखवा. बरोबर पद्धत रेकॉर्डला येईल."

सर खूश झाले. फळ्यापुढं उभे राहिले की ते सगळं विसरतात. छान आकृती काढली, अक्ष काढले, एकाखाली एक पायऱ्या मांडल्या. सरांचं अक्षर सुंदर आहे, ते नाकारून चालणार नाही. चौसष्ट छेद तीन आलं. सर थांबले. मार्कर बोटांत तसाच धरून दाराकडं वळले.

"मग पुढं काय करायचं?"

व्हरांड्यातून एकोणतीस पोरं एका सुरात म्हणाली, "दोननं भागायचं, सर. ट्विन्स रूल."

"शाब्बास," सर म्हणाले, आणि त्यांनी भागलं. बत्तीस छेद तीन. खाली दोन रेघा ओढल्या.

मॅडमनी नवनाथच्या पेपरवरची चिठ्ठी काढली आणि शिपायाला हाक मारली.

"या पोरांना घरी जाऊ दे, निकाल आजच सोडतोय. आणि तो फळा पुसू नकोस. फोटो काढून फाईलला लावायचाय."